अकरातलं एक मत

६ विरुद्ध ५ असं कलम ९ पास झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि मी स्क्रीनसमोर बसून मतं तिसऱ्यांदा मोजत होते, कारण फरक एकाचा होता आणि ते एक मत माझं होतं. म्हणजे तसं सहाजणांपैकी कुणीही फिरलं असतं तरी कलम पडलंच असतं, पण मी सगळ्यात शेवटी मत दिलं होतं, त्यामुळे मला ते माझंच वाटत होतं. कलम कसलं, तर एका ऑनलाइन गेममधल्या आमच्या छोट्याशा प्रदेशाच्या घटनेतलं. जो सभासद खूप दिवस आलाच नाही त्याचं नाव नागरिकांच्या यादीतून काढायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न. त्यावर आम्ही अकराजण तीन आठवडे भांडत होतो, मसुदे लिहित होतो, एकमेकांचे शब्द खोडत होतो, आणि 'रद्द' म्हणायचं की 'स्थगित' म्हणायचं यावर तर अख्खा शनिवार-रविवार गेला.

माझा धाकटा भाऊ तेव्हा म्हणाला, ताई, यात तुला मिळतं काय? पैसे नाहीत, बक्षीस नाही, कुणी जिंकत नाही, दिसायला पण काही नाही, नुसता मजकूर. मी तेव्हा वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, पुढे कितीतरी वर्षं मी तोच प्रश्न सोबत खेळणाऱ्यांना विचारत राहिले.

ज्यांनी हे प्रकार पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी खेळायचे तो गेम म्हणजे नेशनस्टेट्स. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी आपल्या येणाऱ्या कादंबरीची जाहिरात व्हावी म्हणून २००२ च्या नोव्हेंबरमध्ये तो सुरू केला, आणि दोन दशकं उलटून गेली तरी तो चालू आहे. तुम्ही एक देश काढायचा, त्याला नाव द्यायचं, झेंडा, चलन, ब्रीदवाक्य, राष्ट्रीय प्राणी सगळं आपण ठरवायचं. मग रोज तुमच्यासमोर इश्यू येतात. मतदान सक्तीचं करायचं का, असा एक इश्यू मला अगदी सुरुवातीला आला होता. एक सल्लागार म्हणतो करा सक्तीचं, दुसरा म्हणतो मत न देणं हेही स्वातंत्र्यच, आणि तिसरा म्हणतो निवडणुकाच बंद करून टाका. तुम्ही एक पर्याय निवडता आणि तुमच्या देशाचं वर्णन बदलतं, नागरी हक्क, अर्थव्यवस्था, राजकीय स्वातंत्र्य या तिन्हीचे काटे इकडेतिकडे हलतात. जिंकणं नाही, हरणं नाही, शेवटची लेव्हल नाही.

सुरुवातीला माणूस यात स्वतःला बघायला येतो. मी आले तशीच. पहिला देश प्रत्येकजण आपल्या मतांप्रमाणेच चालवतो, आणि पंधरा-वीस इश्यूंनंतर गेम जे चित्र दाखवतो ते बघून दचकतो. मी स्वातंत्र्याच्या बाजूची, असं मला कायम वाटायचं. पण एकेक इश्यूला 'इथे थोडं नियंत्रण हवंच' असं म्हणत म्हणत माझा देश कुठल्या कुठे गेला होता. एकही निर्णय वाईट नव्हता, बेरीज वाईट होती. हे मला कुठल्या पुस्तकानं इतकं नीट समजावलं नव्हतं. मग बहुतेक लोक दुसरा देश काढतात, ज्याला तिथे पपेट म्हणतात, आणि तो मुद्दाम आपल्या मतांच्या उलट चालवतात. समोरच्याची विचारसरणी आतून कशी दिसते हे बघायचं असतं. एकजण मला म्हणाला होता की मी वर्षभर हुकूमशहा म्हणून खेळलो आणि मला सगळ्यात भीती कशाची वाटली असेल तर ते किती सोयीचं पडतं याची.

पण आरसा बघून माणूस किती दिवस थांबेल? महिना, दोन महिने. एकट्यानं खेळायचे राजकीय गेम मीही खेळलेय. डेमॉक्रसी नावाची मालिका आहे, २००५ पासूनची, त्यात कर वाढवा, अनुदान कमी करा, लगेच कुठला मतदार गट खूश आणि कुठला नाराज ते दिसतं. खूप विचार करून बनवलेला गेम आहे, पण मी तो काही आठवड्यांत सोडला. तिथे मी अख्ख्या देशाची प्रमुख होते आणि माझ्याशी भांडायला कुणी नव्हतं. याउलट नेशनस्टेट्समध्ये मी चाळीसेक देशांच्या एका आडबाजूच्या प्रदेशाची, म्हणजे रीजनची, साधी सभासद होते, आणि तिथे वर्षानुवर्षं राहिले.

या 'का' वर अभ्यास करणाऱ्यांनी बरंच लिहून ठेवलंय. रिचर्ड बार्टल, ज्यांनी १९७८ साली सुरू झालेल्या मड या मजकुरावर चालणाऱ्या पहिल्या सामायिक गेमवर काम केलं होतं, त्यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवर मांडले. चौकट म्हणजे कमावणारे, इस्पिक म्हणजे खणून शोधणारे, बदाम म्हणजे माणसं जोडणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्यावर हल्ला करून मजा घेणारे. पुढे २००६ मध्ये निक यी यांनी तीन हजार खेळाडूंच्या सर्व्हेवरून म्हटलं की असे कप्पे नसतात, एकाच माणसात काही मिळवायची ओढ, माणसांची ओढ आणि त्या जगात बुडून जायची ओढ कमीजास्त प्रमाणात एकत्र असते. त्याच वर्षी रायन, रिग्बी आणि प्रझिबिल्स्की यांनी दाखवलं की आपल्या मर्जीनं काही करता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं, या तीन गरजा गेम भागवतो म्हणून माणूस परत येतो.

हे सगळं मला पटतं. पण यातलं बरंचसं काम तलवारी आणि राक्षसांच्या गेमवरचं आहे आणि राजकीय सिम्युलेशन, म्हणजे राजकारणाची नक्कल करणारे गेम, खेळणाऱ्याला एक गोष्ट वेगळी लागते. तिला मला मराठीतच चपखल शब्द सापडतो, तो म्हणजे दखल. मी बोलले तर कुणीतरी दखल घ्यावी, मग ती विरोध करून घेतली तरी चालेल. खऱ्या निवडणुकीत माझं मत लाखांतलं एक असतं, मी ते देते, देत राहणार, आणि त्याचं पुढे काय झालं हे मला कधीच दिसत नाही. इथे माझं मत अकरातलं एक होतं. मी विरोधात गेले तर दोन तासांत कुणीतरी विचारायचं, का गेलीस, कुठला शब्द खटकतोय सांग, आपण बदलू. आयुष्यात किती ठिकाणी असं विचारतात आपल्याला?

आमच्या प्रदेशात एक विधिमंत्री होता. त्याचे मसुदे म्हणजे बघत राहावं असे असायचे, प्रत्येक उपकलमाला क्रमांक, प्रत्येक शब्दाची व्याख्या वर दिलेली, आणि कुणी आक्षेप घेतला की तो आधी आक्षेप स्वतःच्या शब्दांत नीट मांडायचा, 'तुमचं म्हणणं असं आहे ना?' असं विचारायचा आणि मग उत्तर द्यायचा. आमच्यातल्या सगळ्यांना वाटायचं हा पन्नाशीतला वकील असणार. दीड वर्षानं त्यानं महिनाभर रजा मागितली, कारण शाळेची परीक्षा होती. पंधरा वर्षांचा होता तो. म्हणजे आला तेव्हा तेरा-चौदाचा. मी नंतर त्याला भावाचा तो प्रश्न विचारला तर त्यानं लिहिलं की घरात, शाळेत मी बोललो की मोठी माणसं हसून विषय बदलतात, इथे तुम्ही सगळ्यांनी माझं कलम चार वेळा पाडलंत. मला हे वाक्य अजून पाठ आहे. चार वेळा पाडलंत, हे तो कौतुकानं सांगत होता.

असे कितीतरी असतात. मतदानाचं वय व्हायचंय असे, परदेशात राहिल्यामुळे मत नसलेले, कामाच्या ठिकाणी दिवसभर दुसऱ्याच्या सूचना पाळणारे, आजारपणामुळे घरात अडकलेले. रेडिटवर २०१४ पासून ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सची नक्कल चालते, तिथे लोक पक्ष काढतात, खऱ्या विधेयकाच्या साच्यात विधेयकं लिहितात, त्यावर चर्चा करतात, दुरुस्त्या आणतात, मतदान करतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एवढी मेहनत फुकट कशाला? मला वाटतं ती मेहनतच तिथली मजा आहे. आपण लिहिलेल्या विधेयकाला विरोधी बाजूच्या माणसानं तेवढ्याच मेहनतीनं विरोध लिहावा, याच्यासारखा मान नाही. आणि गंमत म्हणजे नकली संस्थासुद्धा खऱ्यांच्या नजरेत भरतात. नेशनस्टेट्समध्ये सुरुवातीला देशांच्या सभेचं नाव संयुक्त राष्ट्रसंघच होतं, २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाकडून नाव आणि चिन्ह वापरू नका असं पत्र आलं, तेव्हा तिचं वर्ल्ड असेंब्ली झालं. ठराव मात्र तसेच जोरात चालू राहिले.

ही ओढ इंटरनेटनं आणलेली नाही. ॲलन कॅल्हॅमर यांनी १९५४ मध्ये डिप्लोमसी हा बोर्डगेम रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चानं त्याच्या ५०० प्रती काढल्या. सात महासत्ता, सुरुवात १९०१ सालापासून, फासा नाही, नशीब नाही. सगळा खेळ बोलण्याचा. कुणाला काय वचन दिलं, त्यानं काय दिलं, आणि मग प्रत्येकानं आपले हुकूम गुपचूप लिहायचे आणि सगळ्यांचे एकदम उघडायचे. वचन पाळायचं बंधन नाही. १९६३ पासून लोक हा गेम टपालानं खेळायला लागले, म्हणजे एका चालीसाठी आठवडे वाट बघायची, पत्रं लिहायची, पत्राच्या भाषेवरून समोरचा फिरणार का हे ओळखायचं. अनोळखी माणसाचं पत्र तीन-तीनदा वाचणारे ते लोक आणि रात्री दोनला मतं मोजणारी मी, आमचं नातं मला फार जवळचं वाटतं.

आता सत्तेबद्दल. सत्तेची हाव हे कारण नाहीच असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. आमच्यावर एकदा धाड पडली. ती कशी पडते ते सांगते, कारण त्यात माणसांबद्दल बरंच कळतं. नेशनस्टेट्समध्ये प्रदेशाचा डेलिगेट, म्हणजे प्रमुख प्रतिनिधी, कोण हे एन्डॉर्समेंटवर ठरतं, वर्ल्ड असेंब्लीचे सभासद असलेले देश आपल्याच प्रदेशातल्या दुसऱ्या देशाला पाठिंबा देतात आणि दिवसातून दोनदा होणाऱ्या अपडेटच्या क्षणी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पाठिंबा तो डेलिगेट. अपडेट एकेका प्रदेशावरून सरकत जातं, आणि कुठल्या प्रदेशाची पाळी केव्हा येणार याचा हिशोब धाड टाकणारे, म्हणजे रेडर, सेकंदात काढून ठेवतात. धाड परतवू शकणारा आमचा संस्थापक केव्हाच खेळणं सोडून गेला होता, म्हणजे दार उघडंच होतं. आमच्या डेलिगेटकडे ९ एन्डॉर्समेंट होत्या. अपडेट आमच्यापर्यंत पोचायच्या काही सेकंद आधी एक अनोळखी देश आत आला, त्याच्यामागोमाग बारा-पंधरा, सगळ्यांनी पहिल्याला पाठिंबा दिला आणि अपडेट निघून गेलं. मी पान रिफ्रेश केलं तर झेंडा वेगळा होता. आमचं ओळखपत्र म्हणावं असं स्वागताचं पान होतं, चार वर्षांत आठजणांनी मिळून लिहिलेलं, त्याच्या जागी त्यांच्या संघटनेची दोन ओळींची घोषणा.

मला रडू आलं, खरंच आलं. भाऊ म्हणाला असता की मजकूर तर आहे, कॉपी करून परत टाक. टाकलाही नंतर. पण त्या क्षणी घरात कुणी शिरल्यासारखं वाटतं.

मग डिफेंडर, म्हणजे धाडीतून प्रदेश सोडवणारे, आले. आम्हाला न ओळखणारे, वेगवेगळ्या टाइमझोनमधले लोक, कुणी पहाटेचा अलार्म लावून, कुणी ऑफिसच्या मधल्या सुट्टीत, त्याच सेकंदांच्या हिशोबानं आत उडी मारायला. पहिला प्रयत्न फसला. तिसऱ्या दिवशी जमला आणि आमचा डेलिगेट परत आला. मी त्यांच्यातल्या एकीला आभाराचं लिहिलं आणि अर्थात विचारलंच, का करता हे? ती म्हणाली, मी आधी रेडर होते. कौशल्य तेच लागतं, तीच घड्याळं, तीच धडधड, तीच टीम. फक्त धाड टाकल्यावर शिव्या यायच्या आणि आता कुणीतरी असं पत्र लिहितं. बार्टलच्या किलवर आणि बदामातलं अंतर किती कमी आहे ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मी चौकशी केली तेव्हा धाड टाकणाऱ्यांमधला एकजणसुद्धा मोकळेपणानं बोलला. त्याला आमच्या प्रदेशाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला त्याच्या टीमनं पहिल्यांदा पुढे जायला सांगितलं होतं, त्या पहिल्या देशाचा मालक तो होता, आणि चौदाजण आपल्यामागे अचूक सेकंदाला आले हे त्याला आयुष्यभर आठवणार होतं. त्याच्यावरचा माझा राग गेला नाही. पण त्यालाही दखलच हवी होती हे मला नाकारता आलं नाही, फक्त त्याची किंमत आम्ही मोजली.

सगळ्यात वाईट अनुभव बाहेरून येणाऱ्यांचा नसतो, आतल्या माणसाचा असतो, ज्याला आपणच निवडून दिलं आणि जो किल्ल्या हातात आल्यावर बदलला. अशा फितुरीच्या कथा या प्रत्येक गेममध्ये आहेत. ईरिपब्लिक या अशाच एका ऑनलाइन गेममध्ये तर एका देशाचे खेळाडू दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेऊन तिथल्या निवडणुका जिंकायचे आणि खजिना ताब्यात घ्यायचे, त्याला पीटीओ, म्हणजे पॉलिटिकल टेकओव्हर, असं रीतसर नाव पडलं होतं. म्हणून तर लोक घटना लिहायला शिकतात. सही कुणाची लागेल, किल्ली किती जणांकडे असेल, हे मी कुठल्या नागरिकशास्त्राच्या तासाला शिकले नाही, ठेच लागून शिकले.

या विषयावर लिहायचं आणि शॉन स्मिथ यांचं नाव घ्यायचं नाही असं मला जमणार नाही. ईव्ह ऑनलाइन हा तसा अंतराळातला गेम, पण त्यातल्या खेळाडूंच्या आघाड्या, तह, फितुरी यांचं राजकारण इतकं मोठं की कंपनीनं २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेली एक परिषदच नेमली. शॉन स्मिथ तिथे व्हाइल रॅट या नावानं खेळायचे, गूनस्वॉर्म या बलाढ्य आघाडीचे मुत्सद्दी होते, त्या परिषदेवरही होते. प्रत्यक्षात ते अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होते, दूतावासांची संपर्क आणि संगणक यंत्रणा सांभाळायचं काम. ११ सप्टेंबर २०१२ ला लिबियातल्या बेनगाझीच्या हल्ल्यात राजदूत क्रिस स्टीव्हन्स यांच्यासोबत ते मारले गेले. बातमी आली आणि ईव्हमधल्या खेळाडूंनी आपापल्या अंतराळ स्थानकांची नावं बदलून त्यांचं नाव लावलं. ज्यांच्याशी ते वर्षानुवर्षं शत्रू म्हणून वाटाघाटी करत होते, त्यांनीसुद्धा.

दिवसभर खऱ्या परराष्ट्र खात्यात काम करणारा माणूस सुट्टीच्या वेळात परत परराष्ट्राचंच काम का करेल, हा विचार मी खूप केलाय. त्यांच्या मनातलं मला काय माहीत. पण एवढं दिसतं की नोकरीत यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला तिथे लोक युद्ध थांबवायला बोलवत होते.

आता आमच्या कलम ९ कडे परत येते. नेशनस्टेट्समध्ये २८ दिवस लॉगिन केलं नाही की देश लुप्त होतो, पानावर फक्त त्याचं नाव आणि तो आता नाही एवढं लिहिलेलं राहतं. कधीही परत येऊन तो पुन्हा जिवंत करता येतो, पण बहुतेक जण येत नाहीत. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या आणि कडक सभासद बाईंचं म्हणणं होतं की लुप्त झाला की नाव काढा, यादी खरी असली पाहिजे, जो येत नाही त्याच्यासाठी कोरम, म्हणजे मतदानाला लागणारी किमान हजेरी, का अडवायचा? मुद्दा चुकीचा नव्हता. विधिमंत्री पोराचा मसुदा असा होता की मताचा हक्क स्थगित होईल, कोरममध्ये मोजणार नाही, नाव मात्र राहील. त्या शेवटपर्यंत विरोधात राहिल्या, हरल्या, आणि हरल्यावर त्यांनीच घटनेच्या पानावर नवं कलम नीट टाइप करून लावलं, कारण ते काम त्यांच्याकडे होतं.

पुढच्या वर्षी त्या यायच्या कमी झाल्या. मग थांबल्याच. अठ्ठाविसाव्या दिवशी मी त्यांचं पान उघडून बसले होते, काही करता येत नव्हतं तरी. देश गेला. आम्ही दहाजण राहिलो, मग दोन नवे आले, एक गेला, नेहमीप्रमाणे.

अकरा महिन्यांनी एका सकाळी प्रदेशाच्या फलकावर त्यांच्या देशाचा झेंडा दिसला. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, कुठे होत्या, काय झालं, काही नाही. एकच ओळ होती, माझं नाव यादीतून काढलंत का?

मी उत्तर लिहायला घेतलं तोवर पोरगं पुढे होतं. त्यानं फक्त 'कलम ९, उपकलम २' असं लिहिलं होतं आणि खाली त्यांनी स्वतः टाइप केलेलं ते पान जोडलं होतं.

दुपारी एका ठरावावर मतदान होतं. त्यांनी विरोधात मत दिलं.